बोट लागली

आमच्याकडे ‘बोट लागली’ या वाक्याचे दोन अर्थ होतात. एक, बोट बंदराला लागली. दुसरा, बोटीतल्या माणसाच्या पोटात ढवळलं आणि त्याने कठड्याशी जाऊन जे करायचं ते केलं. माझ्या आईला दोन्ही अर्थ एकाच दिवशी भेटायचे. मे महिन्यात भाऊच्या धक्क्यावरून बोट सुटली की मुंबई मागे पडेपर्यंत ती ताठ बसायची, आणि मग डेकवर अंथरलेल्या सोलापुरी चादरीवर आडवी व्हायची ती थेट देवगड येईपर्यंत. गालात लिंबाची फोड, कपाळावर ओला पंचा. हर्णे, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग ही नावं मला भूगोलाच्या पुस्तकाआधी तिच्या कण्हण्यातून पाठ झाली. शिवाय तिच्या मनात ‘रामदास’ कायमची बुडालेली. १७ जुलै १९४७ ला रेवसला निघालेल्या त्या बोटीबरोबर सहाशेहून जास्त माणसं गेली, तेव्हा आई दहा वर्षांची होती. पुढे आयुष्यभर बोटीत पाय ठेवताना ती पुटपुटायची. काय, ते तिने कधी सांगितलं नाही.

त्यामुळे आमच्या अमेरिकेने व्हॉट्सअ‍ॅपवर ‘क्रूझ करू या का गं? मेक्सिको, सात रात्री’ असं लिहिलं, तेव्हा मला ना मेक्सिको आठवलं ना क्रूझ. लिंबू आठवलं.

‘अमेरिका’ म्हणजे आमची मैत्रीण. आम्ही चौघी १९७९ पासूनच्या. अकोलेकरीण मुंबईत वसतिगृहात राहायची आणि उरलेल्या तिघी तिच्या खोलीत पडीक असायचो. पुढे एक डॉक्टरीण झाली, एक लग्न करून कॅलिफोर्नियात गेली, मी बँकेत चिकटले ती निवृत्तीपर्यंत. अकोलेकरीण अकोल्याला परत गेली आणि शाळेची मुख्याध्यापिका झाली. खरी नावं आता फक्त आधार कार्डावर.

व्हिसाची भीती होती तेवढी काही निघाली नाही. अमेरिकेचा चालू व्हिसा पासपोर्टवर असला तर मेक्सिकोचा वेगळा लागत नाही. मात्र तो अनेक वेळा आत जाता येईल असा हवा, कारण बोट मेक्सिकोला गेली की तुम्ही अमेरिकेबाहेर, आणि परत आलात की पुन्हा रांगेत. मेक्सिकोनेही जुलै २०२५ मध्ये क्रूझच्या प्रत्येक प्रवाशावर ५ डॉलर कर बसवला. आधी ४२ मागितले होते म्हणे. ही घासाघीस ऐकून मला मेक्सिकोबद्दल आपुलकीच वाटायला लागली.

लॉस एंजेलिसजवळ सान पेद्रोच्या धक्क्यावर बोट उभी होती. पंधरा मजले. मान वर करकरून अकोलेकरीण म्हणाली, “ही बोट कुठं आहे? ही तर लिफ्टवाली सोसायटी पाण्यात उभी केलीये.” तीन हजारांवर प्रवासी. कंपनी अमेरिकन, कॅप्टन इटालियन आणि पाठीमागे नावाखाली लिहिलेलं ‘नासाऊ’, म्हणजे कागदोपत्री बोट बहामाची. माझ्या लहानपणीच्या बोटीचं नाव, गाव, मालक सगळं एकाच बाजूचं असायचं.

आम्ही पैसे वाचवायला आतली केबिन घेतली होती. आतली म्हणजे खिडकी नसलेली. दोन पलंग खाली आणि दोन छतातून उघडून खाली येणारे, रेल्वेच्या वरच्या बर्थसारखे. दिवा मालवला की डोळे उघडे काय आणि मिटलेले काय. टीव्हीवर एक चॅनेल होतं, त्यावर बोटीच्या नाकावर बसवलेल्या कॅमेऱ्यातून समुद्र दिसायचा. सकाळ झाली की नाही हे बघायला आम्ही टीव्ही लावायचो. समुद्रात राहून समुद्र टीव्हीवर बघणाऱ्या आम्हीच. पण वसतिगृहानंतर पहिल्यांदाच चौघी एका खोलीत होतो. कोण घोरतं, कोण रात्री तीनदा उठतं, कोणाच्या गोळ्यांचा डबा सात खणांचा आणि कोणाचा एकवीस, हे तेव्हा कळायचं नव्हतं, ते आता कळलं.

बोटीवरच्या करमणुकीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. खाणं अखंड, नाच, जुगार, पोहण्याचे तलाव. नटूनथटून जेवायला जायच्या रात्री आम्ही पैठण्या नेसलो आणि दोन परक्या बाईंनी साडीचं टोक हातात धरून फोटो काढून घेतले. इतकंच.

पण पहिल्याच रात्री जेवणाच्या टेबलाशी एक तिशीतला वेटर आला. छातीवरच्या बिल्ल्यावर नाव आणि त्याखाली ‘इंडिया’. आमचं मराठी त्याने पाणी ओतता ओतता ऐकलं असावं, कारण काही न विचारता तो आत गेला आणि बशीत हिरव्या मिरच्या, लिंबू आणि मीठ घेऊन आला. मी सहज मालवणीत विचारलं, “खंयचो रे तू?”

त्याच्या हातातला चमचा थांबला. “वेंगुर्ल्याचो. तुमी?”

“देवगड. माहेर.”

“मगे सांगूक नको काय मावशी!”

आमच्याकडे लग्नं जुळवताना ‘मुलगा बोटीवर आहे’ असं म्हटलं की पुढचं फार विचारत नाहीत. पैसा आहे, सहा-आठ महिने घरी नसणार, हे सगळं त्यात आलं. गोव्यात आणि खालच्या कोकणात अशी घरं वाडीवाडीला सापडतात. सासूचं घर रंगवलेलं असतं, सून आणि मूल त्या घरात असतं आणि नवरा व्हिडिओ कॉलवर. या मुलाचं नऊ महिन्यांचं कंत्राट होतं, सातवा चालू होता. पुएर्तो वायार्ताला तो आजवर अकरा वेळा उतरला होता. “कसं आहे गाव?” मी विचारलं. तो हसला. “मावशी, धक्क्यासमोर एक मोठं दुकान आहे. तिथे वाय-फाय फुकट मिळतं. मी तेवढंच बघितलंय.” घरी फोन लावायचा, साबण-टूथपेस्ट घ्यायची, आणि दुपारच्या जेवणाच्या पाळीला परत.

दुसरा अख्खा दिवस पाणीच पाणी. डाव्या हाताला बाहा कॅलिफोर्नियाची ती लांबलचक रखरखीत जमीन कधी दिसायची, कधी नाही. तिच्या टोकाशी काबो सान लुकास. तिथे मोठ्या बोटीला धक्का नाही. बोट बाहेर नांगर टाकून उभी राहते आणि लहान बोटींतून माणसं किनाऱ्याला नेतात. लाउडस्पीकरवर हे सांगताना अगदी ‘विशेष अनुभव’ असल्यासारखं सांगत होते. मी मनात म्हटलं, अहो, हा पडाव!

देवगडला, मालवणला असंच. बोट खोल पाण्यात थांबायची आणि पडाव तिच्या अंगाला येऊन भिडायचा. लाटेबरोबर पडाव वर यायचा, खाली जायचा, आणि वर आला त्या क्षणी खलाशी तुम्हाला उचलून घ्यायचा. हात धरायचा नाही, दंडाला खालून पकड द्यायचा, म्हणजे घाम आला तरी निसटत नाही. आई त्या वेळी डोळे गच्च मिटायची आणि तिला पडावात ठेवल्यावरच उघडायची. काबोच्या बाहेर बोटीच्या पोटातलं दार उघडलं, समोर लहान बोट हेलकावत होती आणि दारात दोन दांडगे खलाशी उभे होते. डॉक्टरीणबाईंचे दोन्ही गुडघे बदललेले. ती जरा घुटमळली. खलाशाने तिचा हात धरला नाही, कोपराच्या वर दंड धरला, आणि तिलाही त्याचा दंड धरायला लावला. लाट वर आली, डॉक्टरीण पलीकडे. पन्नास वर्षांनी, पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला, तीच पकड. मी माझ्या पाळीला डोळे मिटले. भीतीने नाही, आई कशी मिटायची ते बघायला.

काबोचं बंदर म्हणजे नौका, दुकानं, ‘हॅलो लेडी’. तिथून एका मासेमाराच्या लांबट होडीत बसलो. तिला तिथे ‘पांगा’ म्हणतात. पांगावाल्याने आम्हाला जमीन जिथे संपते तिथे नेलं. समुद्रात उभी दगडाची कमान, खडकांवर लोळणारे सी-लायन, आणि नारळाच्या झावळीवर कावळा बसावा तसे होड्यांवर बसलेले पेलिकन. कमानीच्या अलीकडे शांत पाण्याचा एक किनारा आहे, त्याला ‘प्रेमाचा किनारा’ म्हणतात. खडकातल्या फटीतून पलीकडे गेलं की पॅसिफिकच्या अंगावर येणाऱ्या लाटांचा किनारा, त्याचं नाव ‘घटस्फोटाचा किनारा’. तिथे पोहायला जाऊ नका अशी ताकीद असते. आमच्या चौघींपैकी एकीचा घटस्फोट झालेला आहे. कोणीच काही बोललं नाही. मग तीच म्हणाली, “माझा फोटो काढा की तिकडे. इकडचा आहे घरी.”

मासात्लानला बोट सरळ माल चढवायच्या बंदरात लागते आणि क्रूझच्या लोकांनी हरवू नये म्हणून रस्त्यावर निळी रेघ आखलेली आहे. ती रेघ धरून चाललं की जुन्या गावात पोचता येतं. सिनालोआ राज्याचं नाव अमली पदार्थांच्या टोळ्यांमुळे बदनाम, अमेरिकी सरकारचा ‘जाऊ नका’ असा इशारा, त्यामुळे आमची अमेरिका रेघेवरून पाऊल बाहेर टाकायला तयार नव्हती. मासात्लान म्हणजे नाहुआत्ल या मेक्सिकोच्या जुन्या भाषेत हरणांचं ठिकाण. मला लगेच हर्णे बंदर आठवलं. कानाला तेवढं पुरतं.

रेघ सोडली ती माझ्यामुळे. एका रस्त्याच्या कडेला रंगीत छत्र्यांखाली बायका बसल्या होत्या, पुढ्यात टबांमध्ये बर्फ आणि बर्फावर कोळंबी. लहान, मध्यम, हाताच्या पंज्याएवढी. या कोळंबीवाल्यांना तिथे ‘चांगेरास’ म्हणतात. एकीने मला बघून टबातली कोळंबी मूठभर उचलून धारेसारखी परत टाकली, खळ्ळकन. ही हालचाल मला कोणी समजावून सांगायला नको. मालवणच्या बाजारात, दादरच्या बाजारात, हीच. मी एका कोळंबीचं डोकं मोडून बघितलं, ताजी होती. बोटांनी भाव झाला, तिने खांदे उडवले, मी निघाल्यासारखं केलं, तिने हाक मारली. सगळं यथासांग झालं आणि मग माझ्या लक्षात आलं की केबिनमध्ये चूल नाही. अकोलेकरीण हसून हसून फुटपाथवर बसली. शेवटी एका लहानशा खाणावळीत आग्वाचिले खाल्लं, म्हणजे लिंबाच्या रसात आणि मिरचीत मुरवलेली कच्ची कोळंबी. सिनालोआचा हा अभिमानाचा पदार्थ. आई असती तर म्हणाली असती, एवढी चांगली सुंगटं, आणि शिजवायचा कंटाळा!

परत येताना ‘पुल्मोनीआ’त बसलो. ही मासात्लानची उघडी टॅक्सी, गोल्फच्या गाडीसारखी. पुल्मोनीआ म्हणजे न्यूमोनिया. १९६० च्या दशकात ही वाहनं आली तेव्हा बंद गाड्यांच्या टॅक्सीवाल्यांनी चिडून बोंब उठवली की यात बसलात तर न्यूमोनिया होईल. लोकांनी नाव उचललं आणि बसायला लागले. डॉक्टरीणबाईंनी तरीही पदर गळ्याभोवती घेतला.

त्याच डॉक्टरीणबाई जुन्या चौकाजवळच्या थिएटरासमोर एकदम गप्प झाल्या. त्या थिएटराला आंखेला पेराल्ताचं नाव आहे. मिलानच्या ला स्काला ऑपेरागृहात गायलेली ही मेक्सिकन गायिका १८८३ च्या ऑगस्टमध्ये आपली ऑपेरा मंडळी घेऊन मासात्लानला आली. गाव स्वागताला लोटलं. आणि काही दिवसांतच पिवळ्या तापाने ती आणि तिच्याबरोबरची बहुतेक मंडळी गेली. ती ३८ वर्षांची होती. “दोन वर्षं आधी,” डॉक्टरीण म्हणाली, “१८८१ मध्ये हवानाच्या डॉक्टर कार्लोस फिनलायने सांगितलं होतं की हा ताप डासांमुळे पसरतो. वीस वर्षं कोणी मनावर घेतलं नाही.” मग ती बराच वेळ त्या इमारतीकडे बघत राहिली. सरकारी रुग्णालयात तीस वर्षं काढली आहेत तिने. कोणी मनावर न घेतलेल्या किती गोष्टी तिच्या डोक्यात आल्या असतील.

आणि मग वायार्ता. अकोलेकरणीने नकाशा काढून अक्षांश बघितला होता: अकोल्याचा तोच वायार्ताचा. “वऱ्हाडच आहे म्हणा की हे. समुद्र तेवढा देवाने दिलाय.” दिवस होता २ नोव्हेंबर, म्हणजे मेक्सिकोत मृतांचा सण, आणि २०२५ साली पंढरपुरात कार्तिकी एकादशी. अकोलेकरीण एकादशीला काही खात नाही. काही म्हणजे, उपवासाचं सोडून. सकाळी बोटीवरच्या अफाट नाश्त्यासमोर ती एक केळं घेऊन विरक्त बसली होती.

गावात पाऊल टाकलं तर दसरा! रस्त्याच्या दोन्ही बाजूंना, दारांवर, पायऱ्यांवर झेंडूच झेंडू. तोच केशरी, तोच कडवट वास, हातांना लागणारा तोच चिकटपणा. झेंडू मुळात यांचाच. नाहुआत्लमधल्या त्याच्या नावाचा अर्थ ‘वीस फुलं’. आपण तो दाराला बांधतो ते शुभ म्हणून. इथे पाकळ्यांची वाट करतात, गेलेल्या माणसांना घर सापडावं म्हणून. दुकानांत, ओसरीवर, अगदी बँकेच्या दारातही वेदी मांडलेल्या होत्या: फोटो, मेणबत्त्या, पाण्याचा पेला, मीठ, पाव, गेलेल्याच्या आवडीचं काहीबाही. एका फोटोपुढे बिअरची बाटली आणि सिगारेट. कोपालच्या डिंकाचा धूर. समुद्राकाठी इमारतीएवढी कात्रीना उभी, फुलांची टोपी घातलेली सांगाड्याची बाई, आणि तिच्यासमोर पोरं आइस्क्रीम खात होती. आपल्याकडे पितृपक्षात नवी खरेदी करत नाहीत, आवाज खाली ठेवतात, कावळ्याची विनवणी करतात. इथे बँडवाले वाजवत होते. मला दोन्ही पटतं. आईला मात्र हे पटलं नसतं आणि झेंडूचा एवढा अपव्यय तर मुळीच नाही.

एका ठेल्यावर अकोलेकरीण थबकली. “हा राजगिऱ्याचा लाडू आहे.” वडी होती खरं तर, पण लाह्या राजगिऱ्याच्याच, वर शेंगदाणे. त्याला तिथे ‘आलेग्रीआ’ म्हणतात, म्हणजे आनंद. राजगिरा यांचाही जुना देवाचा दाणा. आझ्टेक लोक त्याच्या पिठाच्या मूर्ती करून पूजा करायचे, म्हणून स्पॅनिश पाद्र्यांनी त्यावर डोळे वटारले. आमची मुख्याध्यापिका फुटपाथवरच सुरू झाली: मिरची इथली, राजगिरा इथला, बटाटा, शेंगदाणा, रताळं, साबुदाण्याचा कंद, सगळं याच खंडांतून पोर्तुगीज-स्पॅनिशांच्या गलबतांतून आपल्याकडे आलेलं. ‘चिकू’ हा शब्दसुद्धा नाहुआत्लमधून फिरत फिरत आलेला. “म्हणजे बघा,” ती वडी मोडत म्हणाली, “तुकोबांच्या काळात हे ताट आजच्यासारखं नसणारच. आपल्या उपासात भगर आणि शिंगाडा तेवढा घरचा.” मग तिने चार वड्या खाल्ल्या. विरक्ती संपली.

मला माझी गोष्ट समुद्राकाठच्या रस्त्यावर सापडली. खांद्यावर भला मोठा भोपळा अडकवलेला एक म्हातारा हाक देत होता, “तुबा! तुबा!” पेल्यात पांढुरकं पेय, वर सफरचंदाचे तुकडे आणि दाणे. पहिला घोट घेतला आणि जीभ देवगडला गेली. नीरा! सफरचंद कशाला घातलं कोण जाणे, पण खाली माडाचा रस होता, यात शंका नाही. १५६५ पासून १८१५ पर्यंत मनिला ते आकापुल्को अशी स्पॅनिश गलबतं येत-जात होती. त्यांच्यावर फिलिपिनो खलाशी असत. त्यातले कित्येक इथे उतरले ते परत गेलेच नाहीत. त्यांनी या किनाऱ्यावर माड लावले, माडी काढायला शिकवली, आणि नावही आपलंच ठेवलं: तुबा. हॉलिवूडची नटी एलिझाबेथ टेलर १९६३ मध्ये इथे आली तेव्हापासून वायार्ता जगाला माहीत झालं, असं मार्गदर्शिका सांगतात. मला ते बोटीवरचे खलाशी जास्त महत्त्वाचे वाटले. त्यांनीही कुठल्या तरी आईला सांगितलं असेल की येतो सहा-आठ महिन्यांत.

मी अजून एक पेला घेतला, झाकण लावून. पण बोटीवर खाण्यापिण्याचं बाहेरून नेता येत नाही. धक्क्यावर पिशव्या तपासतात तिथे तो टाकावा लागला. वेंगुर्लेकराला द्यायचा होता.

रात्री त्याला सांगितलं तर म्हणाला, “नीरा? हंय?” बारा वेळा उतरूनही त्याला माहीत नव्हतं. दुकानाच्या पुढे गेला असता तर कळलं असतं, पण दुकानाच्या पुढे फुकट वाय-फाय नव्हतं.

परतीचे दोन दिवस समुद्र खवळलेला. तिसऱ्या मजल्यावरच्या काळोख्या केबिनमध्ये, टीव्हीवरच्या समुद्राकडे बघत, त्रेसष्टाव्या वर्षी मला पहिल्यांदा बोट लागली. तिघी हसल्या आणि मग तिघीही एकेक करून आडव्या झाल्या. संध्याकाळी दारावर टकटक झाली. जेवायला आलो नाही म्हणून वेंगुर्लेकर बघायला आला होता. हातात बशी, बशीत लिंबाच्या फोडी.

उतरायच्या आदल्या रात्री त्याने कागदावर एक नंबर लिहून दिला. “आईक फोन करशात? आवशीक माझा पटत नाय. तुमी बघून इलात म्हटल्यार पटात.”

दुसऱ्या दिवशी अमेरिकेच्या स्वयंपाकघरातून संध्याकाळी फोन लावला. वेंगुर्ल्यात सकाळ होती. मागे कोंबडा आरवत होता. मी ओळख दिली, देवगडची म्हटल्यावर आवाज सैल झाला. “माझो झील बरो असा मां? बारीक झालो काय?” नाही हो, चांगला आहे, म्हटलं. आम्हाला मिरच्या आणून द्यायचा, म्हटलं. बाकीच्या तिघी टेबलाभोवती कान देऊन बसल्या होत्या. बाई क्षणभर थांबली आणि मग तिने खरा प्रश्न विचारला.

“चारी बाजूक दर्या. थंय ताजो बांगडो गावता काय हो तेका?”

सात दिवस त्या बोटीवर मी रोज मासा खाल्ला होता. गोठवलेला, सोललेला, कुठून आला ते कोणालाच माहीत नसलेला.

“गावता तर,” मी म्हटलं. “रोज गावता.”